ओंटारिओत अभियंत्यांच्या नियामक परिषदेची निवडणूक लढवताना

महाराष्ट्रात अभियांत्रिकीची पदवी हातात पडली की माणूस अभियंता झाला असे आपण धरून चालतो, आणि कायद्यानेही त्याला फारशी हरकत घेतलेली नाही. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा, वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आपल्याकडे आहे. सगळ्या शाखांच्या अभियंत्यांना परवाना देणारी आणि चुकल्यास तो काढून घेणारी अशी देशव्यापी वैधानिक संस्था मात्र नाही. महापालिका स्ट्रक्चरल इंजिनिअरला परवाना देते, पण तो तिच्या हद्दीपुरता. त्यामुळे पुण्याहून, सांगलीहून किंवा नागपूरहून पदवी घेऊन कॅनडात स्थायिक झालेल्या अभियंत्याला तेथील परवाना पद्धत प्रथम एक अडथळा वाटते, परवाना मिळाल्यावर ती सवयीची होते, आणि त्या परवान्यामागची संस्था चालवणाऱ्या परिषदेवर आपणही निवडून जाऊ शकतो, ही गोष्ट बहुतेकांच्या मनात कधी येतच नाही. ज्यांच्या मनात ती आली आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. कॅनडाच्या प्रत्येक प्रांताची व्यवस्था थोडी निराळी असल्याने येथे ओंटारिओचाच विचार केला आहे.

ओंटारिओतील नियामक संस्थेचे नाव प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारिओ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली पीईओ. क्वेबेकमध्ये सेंट लॉरेन्स नदीवर उभारला जात असलेला पूल १९०७ मध्ये बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार मृत्युमुखी पडले. पुढच्या दीड दशकात कॅनडाच्या अनेक प्रांतांनी अभियंत्यांविषयी कायदे केले, त्यांत ओंटारिओचा कायदा १९२२ चा. तेथे परवान्याशिवाय अभियांत्रिकीचा व्यवसाय करण्यास खरी बंदी आली ती १९३७ मध्ये. आज ८०,००० हून अधिक परवानाधारक या संस्थेचे सदस्य आहेत. कोणाला प्रवेश द्यायचा, कामाची कोणती पातळी अपेक्षित धरायची आणि कोणाला शिस्त लावायची, हे सरकारी खात्याने न ठरवता कायद्याच्या चौकटीत राहून व्यवसायानेच ठरवायचे, यालाच स्वनियमन म्हणतात, आणि त्या रचनेच्या शिरोभागी परिषद, म्हणजे कौन्सिल, आहे.

उमेदवारीचा विचार करणाऱ्याने सर्वांत आधी ही परिषद नेमकी कोणाची हे समजून घ्यावे, कारण बहुतेक उमेदवारांचा प्रचार नेमका येथेच भरकटतो. सदस्य मत देतात म्हणून निवडून आलेला माणूस सदस्यांचा प्रतिनिधी, असे वरवर पाहता वाटते. गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीत निवडून गेलेल्याने सभासदांची पाण्याची आणि पार्किंगची गाऱ्हाणी मांडावीत, तसेच हे असावे असा समज होतो. कायद्याची भूमिका तशी नाही. संस्थेचा मुख्य उद्देश जनहिताचे संरक्षण व्हावे म्हणून व्यवसायाचे नियमन करणे हा आहे, आणि परिषदेवरचा प्रत्येकजण, तो निवडून आलेला असो वा सरकारने नेमलेला, त्या उद्देशाचा विश्वस्त असतो. अभियंत्यांचे पगार, नोकऱ्या, प्रतिष्ठा आणि सरकारदरबारी त्यांची बाजू यांसाठी २००० साली ओंटारिओ सोसायटी ऑफ प्रोफेशनल इंजिनिअर्स ही वेगळी संस्था मुद्दाम स्थापन करण्यात आली. ज्यांना त्या प्रश्नांची तळमळ आहे त्यांनी तिकडे जावे; तेथे त्यांचा अधिक उपयोग होईल.

हा भेद विसरला की काय होते, याची उदाहरणे कॅनडातच आहेत. क्वेबेकमध्ये बांधकाम क्षेत्रातील भ्रष्टाचाराची आयोगामार्फत चौकशी झाल्यानंतर प्रांतिक सरकारने तेथील अभियंत्यांच्या संस्थेवर जुलै २०१६ मध्ये विश्वस्त नेमले, आणि ती देखरेख २०१९ पर्यंत चालली. ब्रिटिश कोलंबियाने २०१८ मध्ये नवा कायदा करून अशा व्यावसायिक संस्थांवर देखरेख करणारे सरकारी कार्यालयच निर्माण केले. खुद्द ओंटारिओतही पीईओने बाहेरील तज्ज्ञांकडून स्वतःच्या कामाचे परीक्षण करवून घेतले तेव्हा, २०१९ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालाने संस्थेचे लक्ष नियमनाच्या मूळ कामावरून ढळल्याचे स्पष्टपणे सांगितले. स्वनियमन हा विधिमंडळाने दिलेला अधिकार आहे आणि तो परत घेता येतो. माझ्या मते उमेदवाराने हा अहवाल मुळातून वाचल्याशिवाय अर्जाला हात लावू नये. परिषदेतील गेल्या काही वर्षांतील जवळजवळ प्रत्येक मोठ्या वादाचा धागा तेथे सापडतो.

कोणती जागा लढवावी

परिषदेची घडण कायद्याच्या तिसऱ्या कलमात दिली आहे. निवडून आलेले सदस्य किमान १५ आणि कमाल २०, प्रांतिक सरकारने नेमलेले परवानाधारक अभियंते ५ ते ७, आणि अभियंता नसलेले, सरकारनेच नेमलेले नागरिक ३ ते ५, अशी ती मर्यादा आहे. निवडून येणाऱ्यांत अध्यक्षपदाच्या साखळीतील पदे, उपाध्यक्ष, संपूर्ण प्रांतातून निवडले जाणारे तीन सदस्य आणि पाच विभागांतून प्रत्येकी दोन विभागीय सदस्य येतात. ते विभाग असे: ओटावा आणि किंग्स्टन असलेला पूर्व, लंडन आणि विंडसर असलेला पश्चिम, सडबरी आणि थंडर बे असलेला उत्तर, स्कारबरोसारखी टोरांटोच्या पूर्वेकडील उपनगरे असलेला पूर्व-मध्य, आणि मिसिसागा, ब्रॅम्प्टन असलेला पश्चिम-मध्य. मराठी अभियंत्यांची मोठी वस्ती शेवटच्या दोन विभागांत आहे, हे टोरांटो परिसरात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

अध्यक्षपद लढवणे म्हणजे तीन वर्षांची बांधिलकी होय, कारण निवडून येणारा माणूस पहिले वर्ष नियोजित अध्यक्ष, दुसरे वर्ष अध्यक्ष आणि तिसरे वर्ष माजी अध्यक्ष म्हणून परिषदेत बसतो. क्लॉडेट मॅके-लासाँद १९८६ मध्ये संस्थेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. पहिल्यांदा उभे राहणाऱ्याने मात्र विभागीय जागेचाच विचार करावा. तिची मुदत दोन वर्षांची असते, दोनपैकी एक जागा दरवर्षी रिकामी होते, मतदार एका भूभागातले असतात आणि संस्थेच्या स्थानिक शाखांच्या सभांना गाडीने जाऊन येता येते. प्रांतव्यापी जागेसाठी ओळख प्रांतव्यापी लागते, आणि ती नसताना केवळ उत्साहावर उभे राहिलेल्या उमेदवाराला मतपत्रिकेवरचे एक अपरिचित नाव होण्यापलीकडे फारसे काही साधत नाही.

उमेदवार हा संस्थेचा सदस्य, म्हणजे पूर्ण परवाना असलेला पी.इंज., असावा लागतो. परवान्यासाठी अर्ज केलेले, अजून अनुभव जमवत असलेले किंवा मर्यादित परवाना असलेले लोक या अर्थाने सदस्य नव्हेत. ओंटारिओतील वास्तव्य आणि कॅनडातील कायदेशीर स्थान यांविषयीच्या अटी, तसेच लागोपाठ किती काळ परिषदेवर राहता येते याचे निर्बंध, कायदा व नियमावलीतूनच तपासावेत, आणि तेही सरकारी संकेतस्थळावरील अद्ययावत प्रतीतून. गेल्या दशकात हे नियम बदलत आले आहेत, तेव्हा पाच वर्षांपूर्वी निवडणूक लढवलेल्या मित्राच्या आठवणीवर विसंबणे धोक्याचे आहे.

आधीचे वर्ष

निवडणुकीची तयारी अर्ज भरण्याच्या आठवड्यात करता येत नाही. पीईओच्या प्रांतभर ३६ शाखा आहेत. आपल्या शाखेच्या कार्यकारिणीत एखादी जबाबदारी घेणे, नव्या परवानाधारकांच्या प्रमाणपत्र वितरणाच्या कार्यक्रमांना हजर राहणे, एखाद्या समितीवर स्वेच्छेने काम करणे, यांतून दोन गोष्टी साधतात: लोक ओळखू लागतात, आणि संस्था कशी चालते ते आतून कळते. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. शाखेत हिरिरीने काम करणाऱ्यांनाही परिषद, नियमनाच्या वैधानिक समित्या आणि कर्मचारीवर्ग यांच्यात अधिकार कसे वाटलेले आहेत हे पुष्कळदा नीट ठाऊक नसते.

परिषदेच्या सभांची कार्यक्रमपत्रिका आणि इतिवृत्ते सर्वांना उपलब्ध असतात आणि सभेचा खुला भाग सदस्यांना पाहता येतो. निदान एका वर्षाची इतिवृत्ते क्रमाने वाचावीत. ती रुक्ष असतात, पण त्यांतून कोणते ठराव वारंवार परत येतात, कोणत्या विषयावर परिषद दुभंगते, अर्थसंकल्पात कोणत्या बाबीवर प्रश्न उठतात, हे जसे दिसते तसे कोणाच्या भाषणातून दिसत नाही. सोबत संस्थेचे ‘इंजिनिअरिंग डायमेन्शन्स’ हे नियतकालिक चाळावे, विशेषतः त्यातील शिस्तभंगाच्या निकालांची पाने. अभियंते नेमके कोठे चुकतात आणि संस्था त्यावर काय करते, हे त्या पानांवर कोणतेही अलंकार न लावता छापलेले असते.

घरी आणि नोकरीच्या ठिकाणीही याच काळात बोलून ठेवावे. परिषदेच्या सभा, समित्यांच्या बैठका, शेकडो पानांची टिपणे आणि विभागातील शाखांच्या भेटी यांसाठी संध्याकाळी व शनिवार-रविवार जातात, आणि काही सभा कामाच्या दिवशी असतात. वरिष्ठांची संमती आधी घेतली नाही, तर निवडून आल्यावर पहिली सभा रजेच्या अर्जापाशीच अडते.

उमेदवारी अर्ज

वेळापत्रक दरवर्षी जाहीर होते. साधारण क्रम असा की शरद ऋतूत अर्ज मागवले जातात, हिवाळ्याच्या तोंडावर मुदत संपते, मतदान जानेवारी-फेब्रुवारीत होते आणि नवी परिषद वसंतातील वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सुमारास सूत्रे घेते. नेमक्या तारखा आणि वेळ त्या वर्षीच्या अधिसूचनेतूनच घ्यावी. मुदतीच्या दिवसाबरोबर घटकाही दिलेली असते आणि ती गेल्यानंतर आलेला अर्ज कोणी दयेने स्वीकारत नाही.

विभागीय जागेसाठी किमान १५ सूचक लागतात आणि ते सर्व त्याच विभागात राहणारे सदस्य असावे लागतात. प्रांतव्यापी पदांसाठीही १५ सूचकच लागतात, पण त्यांत पाचही विभागांतील किमान एकेक सदस्य असला पाहिजे. ही अट कागदावर किरकोळ दिसते. ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या उमेदवाराला उत्तरेकडचा सूचक हवा असेल तर थंडर बे रस्त्याने सुमारे १,४०० किलोमीटरवर आहे, आणि अर्थातच कोणी सहीसाठी तेथवर जात नाही. पण तेथे एकही ओळखीचा अभियंता नसेल तर प्रांतव्यापी पद लढवण्याची आपली तयारी कितपत आहे, याचे उत्तर त्या रिकाम्या रकान्यातच मिळते.

पंधरा सह्या हव्या असतील तर वीस-बावीस गोळा कराव्यात. छाननीत सह्या बाद होण्याची कारणे ठरावीक असतात: सूचकाने शुल्क न भरल्यामुळे त्याचे सदस्यत्व स्थगित झालेले असते, त्याने घर बदललेले असते पण संस्थेकडे जुनाच पत्ता असतो, किंवा तो उत्तम अभियंता असतो पण त्याने परवाना कधी घेतलेलाच नसतो. शेवटचे कारण आपल्या लोकांत विशेष आढळते, कारण औद्योगिक क्षेत्रात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या अनेकांना परवान्याची गरजच पडलेली नसते. परवानाधारकांची सूची जाहीर असते. प्रत्येक नाव सहीआधी तिच्यात पडताळून पाहावे. सूचक निवडतानाही सगळे एकाच कंपनीतले, एकाच महाविद्यालयातले किंवा एकाच भाषेतले नसतील असे पाहावे. नियम तशी सक्ती करत नाही, पण खाण, अणुऊर्जा, महापालिका, सॉफ्टवेअर आणि बांधकाम अशा निरनिराळ्या क्षेत्रांतल्या पंधरा जणांकडे सही मागताना पंधरा वेळा आपली भूमिका समजावून सांगावी लागते, आणि निवेदनाचा पहिला मसुदा तेथेच घासूनपुसून निघतो.

निवेदन

या निवडणुकीत सभा गाजवून किंवा फलक लावून मते मिळत नाहीत. बहुसंख्य सदस्य मतदानच करत नाहीत, आणि जे करतात ते बहुधा मतदानाच्या पानावरची उमेदवारांची निवेदने वाचून, काही मिनिटांत, ठरवतात. म्हणून उपलब्ध वेळेपैकी निम्मा वेळ निवेदनावर घालवला तरी तो जास्त नाही.

पहिली कसोटी अधिकाराची. प्रत्येक आश्वासनापुढे स्वतःला विचारावे: हे परिषदेला करता येते का, की त्यासाठी विधिमंडळाने कायदा बदलायला हवा? परिषद उपविधी करू शकते, विनियम करू शकते पण त्यांना प्रांतिक सरकारची मंजुरी लागते, अर्थसंकल्प ठरवते, धोरण आखते आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या कामावर देखरेख ठेवते. कायदा ती बदलू शकत नाही. याचे ठळक उदाहरण म्हणजे औद्योगिक अपवाद. कारखान्याने स्वतःच्या उत्पादनासाठी वापरायच्या यंत्रसामग्रीवर त्याच्याच कर्मचाऱ्याने केलेले अभियांत्रिकी काम ओंटारिओच्या कायद्यात परवान्याच्या अटीतून वगळलेले आहे. हा अपवाद रद्द करण्याची तरतूद २०१० मध्ये संमत झाली, पण ती अमलात आलीच नाही आणि २०१३ मध्ये सरकारने माघार घेतली. त्यानंतरही ‘मी औद्योगिक अपवाद रद्द करीन’ असे लिहिणारा उमेदवार मतदाराला जे देऊ शकत नाही ते देऊ करतो. त्याऐवजी अपवादामुळे होणाऱ्या अपघातांची माहिती पद्धतशीरपणे गोळा करून महाधिवक्त्यांच्या मंत्रालयापुढे, म्हणजे ज्या मंत्रालयाकडे हा कायदा आहे त्याच्यापुढे, मांडण्याचा ठराव आणीन, असे लिहिणे प्रामाणिकही आहे आणि शक्यही.

दुसरी कसोटी जनहिताची, आणि ती अधिक अवघड आहे, कारण या निवडणुकीत मतदार एक आणि लाभार्थी दुसरा अशी स्थिती असते. परवान्याच्या प्रक्रियेत अडकलेला, दोन मुले आणि गृहकर्ज सांभाळत टॅक्सी किंवा गोदामातले काम करणारा परदेशी पदवीधर मतदार नसतो. गळक्या छताखाली रोज खरेदीला जाणारी गिऱ्हाइकेही मतदार नसतात. हे दुसरे उदाहरण कल्पित नाही. एलियट लेक या छोट्या गावातील अल्गो सेंटर मॉलचे छत, ज्यावर वाहनतळ होते, २३ जून २०१२ रोजी कोसळले आणि दोन स्त्रियांचा जीव गेला. ते छत मॉल उभा राहिल्यापासून गळत होते, आणि कोसळण्याच्या थोडेच आधी एका अभियंत्याने पाहणी करून इमारत संरचनेच्या दृष्टीने ठीक असल्याचे म्हटले होते. न्यायमूर्ती पॉल बेलांजे यांच्या चौकशी आयोगाने २०१४ मध्ये अभियंत्यांसाठी परवान्यानंतरही चालू राहणाऱ्या सक्तीच्या व्यावसायिक शिक्षणाची शिफारस केली. पीईओने २०१७ मध्ये त्यासाठी ऐच्छिक कार्यक्रम सुरू केला आणि तो सक्तीचा झाला १ जानेवारी २०२३ रोजी. एवढी वर्षे का लागली, याचे कारण समजून घ्यायचे तर परिषदेतील चर्चा वाचाव्यात: ज्यांच्यावर बंधन येणार होते तेच मतदार होते, आणि ‘सक्ती नको’ म्हणणाऱ्याला मते मिळत होती.

मग मतदाराला नकोसे वाटणारे कसे लिहावे? गोलमोल लिहून नव्हे. सक्तीच्या शिक्षणाला पाठिंबा असेल तर तो स्पष्ट लिहावा आणि त्याच परिच्छेदात त्याचा व्यावहारिक भार किती व कसा कमी करता येईल, लहान सल्लागार कंपनीतील अभियंत्याला तो कसा झेपेल, हेही लिहावे. मतदार स्वतः जोखमीचा हिशोब रोज करणारे लोक आहेत. त्यांना कारण आणि आकार दिला तर ते ऐकतात, निदान त्यांतले जे निवेदन शेवटपर्यंत वाचतात ते तरी.

स्थलांतरित उमेदवाराने स्वतःच्या परवान्याची कहाणी निवेदनात किती सांगावी, हा प्रश्न मराठी उमेदवारांना हमखास पडेल. माझे मत असे की एका वाक्यात सांगावी आणि लगेच धोरणाकडे वळावे. मे २०२३ मध्ये पीईओने एक वर्षाच्या कॅनडातील अनुभवाची अट काढून टाकली; ४८ महिन्यांच्या अनुभवाची अट राहिली, पण तो कोठे मिळवला यापेक्षा त्यातून कोणती क्षमता सिद्ध झाली हे पाहण्याची पद्धत आली. तेव्हा ‘कॅनेडियन अनुभवाची अट रद्द करा’ ही जुनी मागणी आता छापण्यात अर्थ नाही. अर्जाचा निर्णय किती काळात होतो, क्षमता तपासणारे परीक्षक एकसारख्या निकषांनी तपासतात का, हवामान व बांधकामाच्या स्थानिक संहितांचे ज्ञान कसे पडताळले जाते, हे आजचे प्रश्न आहेत. यांतला शेवटचा प्रश्न टाळू नये. अट काढल्याने सुरक्षेची पातळी खाली येईल अशी शंका अनेक जुन्या सदस्यांच्या मनात आहे, ती सगळीच पूर्वग्रहातून आलेली नाही, आणि परदेशी पदवीधर उमेदवाराने तिला शांतपणे उत्तर दिले तर त्याचे वजन इतर कोणाच्याही उत्तरापेक्षा जास्त पडते.

भाषेबद्दल एवढेच की अनुभवाची लांब यादी देऊ नये. प्रत्येक उमेदवार वरिष्ठ अभियंता असतो, प्रत्येकाने मोठे प्रकल्प हाताळलेले असतात. संचालक मंडळावर, विश्वस्त संस्थेवर किंवा मानक समितीवर काम करून एखादा सामूहिक निर्णय तडीस नेला असेल तर तो अवश्य लिहावा, कारण परिषदेचे काम तशा प्रकारचे आहे.

प्रचाराची बंधने

परिषद दरवर्षी प्रचाराचे नियम मंजूर करते आणि ते उमेदवारांना पाठवले जातात. निवेदनाची लांबी, छायाचित्र, संस्थेमार्फत सदस्यांना जाणारे सामूहिक ईमेल, उमेदवारांच्या एकत्रित सभा, हे सारे त्यांत ठरलेले असते. सदस्यांचे ईमेल पत्ते उमेदवाराच्या हाती दिले जात नाहीत. म्हणून संस्थेमार्फत जाणाऱ्या प्रत्येक ईमेलची संधी घ्यावी आणि तोच मजकूर पुन्हा न पाठवता प्रत्येक वेळी एकच मुद्दा नीट मांडावा. शाखेच्या कामानिमित्त मिळालेली पत्त्यांची यादी प्रचारासाठी वापरणे हा विश्वासभंग आहे, आणि नोकरीच्या ठिकाणचा ईमेल वापरणे हा वरिष्ठांशी भांडण ओढवून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे. संस्थेचे बोधचिन्ह प्रचारपत्रावर लावू नये. आपली व्यावसायिक मोहोर तर मुळीच नाही, ती फक्त अभियांत्रिकी दस्तऐवजांसाठी असते.

प्रतिस्पर्ध्यावर टीका करताना एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. आपल्याकडच्या निवडणुकांत आचारसंहिता निवडणूक प्रक्रियेबरोबर संपते. येथे उमेदवार परवानाधारक म्हणून बाराही महिने व्यावसायिक आचारसंहितेने बांधलेला असतो. अभियंत्यांच्या कायद्याखालील विनियम ९४१ च्या ७७ व्या कलमात जनकल्याणाच्या कर्तव्याला सर्वोच्च स्थान दिलेले आहे, आणि इतर अभियंत्यांशी सौजन्याने व सद्भावनेने वागण्याचे, दुसऱ्याच्या लौकिकाला द्वेषबुद्धीने धक्का न लावण्याचे बंधनही त्यातच आहे. विद्यमान सदस्याने कोणत्या ठरावावर कसे मत दिले याची चिकित्सा जरूर करावी. त्याच्या सचोटीवर पुराव्याविना शिंतोडे उडवले तर मात्र पराभवाच्या जोडीला तक्रारही पदरी पडू शकते.

समाजाच्या बळावर मते मागण्याचा मोह होतो. मंडळाच्या गणेशोत्सवात चारशे लोक जमतात, त्यांत अभियंते पुष्कळ असतात, व्यासपीठही मिळण्यासारखे असते. तेथे जाऊन अभियंत्यांना परवाना घ्या, घेतला असेल तर मतदान करा, असे सांगणे उत्तम. ‘आपला माणूस’ म्हणून मत मागणे मला अयोग्य वाटते आणि ते चतुरपणाचेही नाही. विभागातील मतदार शेकडो देशांतील नसले तरी डझनावारी देशांतून आलेले आहेत, असा प्रचार कानोकानी पसरतो, आणि जनहिताचा विश्वस्त होऊ पाहणाऱ्याविषयी तो चांगले काही सांगत नाही.

उमेदवारांच्या एकत्रित सभांत प्रश्न तेच ते येतात: शुल्क, परवान्याला लागणारा वेळ, सक्तीचे शिक्षण, शाखांना मिळणारा निधी, परवान्याविना अभियंता म्हणवणाऱ्यांवर कारवाई. प्रत्येकावर एका मिनिटाचे उत्तर तोंडपाठ असावे, आणि ज्या प्रश्नाचा अभ्यास झालेला नाही तेथे तसे सरळ सांगून दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर द्यावे. एखाद्या प्रलंबित तक्रारीविषयी किंवा कोणाच्या अडकलेल्या अर्जाविषयी विचारले गेले तर मत देऊ नये. तक्रारी, नोंदणी आणि शिस्तभंग यांचे निर्णय स्वतंत्र वैधानिक समित्या घेतात, आणि परिषदेचा सदस्य त्यांत ढवळाढवळ करू शकत नाही. ‘माझा अर्ज जरा बघा’ म्हणणारे मतदार निवडणुकीआधीही भेटतात आणि नंतर अधिक भेटतात. त्यांना नकार द्यायची सवय प्रचारातच लावून घेतलेली बरी.

मतदान आणि नंतर

मतदान इंटरनेटवरून किंवा दूरध्वनीवरून होते आणि काही आठवडे चालते. मतदार पहिल्या काही दिवसांत आणि शेवटच्या काही दिवसांत हलतात, मधला काळ थंड असतो. स्वतःच्या ओळखीच्या लोकांना स्मरणपत्र पाठवायचे ते या दोन टोकांना पाठवावे. विरोधात कोणी नसेल तर उमेदवार बिनविरोध निवडून येतो, आणि तसे झाले तरी निवेदन लिहिलेले असावे, कारण पुढे दोन वर्षे लोक त्यावरच बोट ठेवून जाब विचारणार आहेत.

पराभव झाला, आणि पहिल्या खेपेला तो होणे स्वाभाविक आहे, तर आपली मते विभागातील एकूण मतदानाशी ताडून पाहावीत, सूचकांना आभाराचे पत्र पाठवावे आणि परिषदेच्या एखाद्या समितीवर काम करण्यासाठी अर्ज करावा. निवडून आल्यास पहिल्या सभेआधी तीन गोष्टी कराव्यात. नोकरी, भागीदारी, इतर संस्थांवरील पदे, यांतून हितसंबंधांचा संघर्ष कोठे उद्भवू शकतो याची यादी लिहून ठेवावी व ती जाहीर करावी. लेखापरीक्षण व वित्त, सुशासन व नामनिर्देशन, मनुष्यबळ व मोबदला, नियामक धोरण व विधिविधान या चार प्रशासकीय समित्यांपैकी आपण कोठे उपयोगी पडू ते ठरवून तसे कळवावे. आणि सरकारने नेमलेल्या, अभियंता नसलेल्या सदस्यांपैकी निदान एकाशी निवांत बोलून घ्यावे. संस्थेतील जी गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की दिसतच नाही, तिच्याविषयी पहिला प्रश्न बहुधा त्यांच्याकडूनच येतो.